ट्रॅक किती, लेआउट किती आणि त्यातले खरंच नवे किती?

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

परवा एका मित्राशी चांगलीच जुंपली. मी सहज म्हणालो, "गेममध्ये ट्रॅक कमी पडतात यार." तो म्हणाला, "९७ आहेत, तरी रडतोस?"

आकडा त्याने हवेतून काढलेला नव्हता. ग्रान टुरिस्मो ७ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मार्च २०२२ मध्ये आला तेव्हा त्यात ३४ ठिकाणं आणि ९७ लेआउट (एकाच ठिकाणी आखलेले वेगवेगळे रस्ते) होते. पुढच्या अपडेटांत आणखी भर पडली. आता माझी बाजू. मी शर्यतींची वही ठेवतो (हसा खुशाल). गेल्या दोनशे शर्यतींची पानं चाळली तर गाडी घातलेले लेआउट भरले एकवीस. बाकीचे मेनूत नुसते बसून आहेत.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की हे मोजतात तरी कसं? डीप फॉरेस्ट सुलट एक, उलट दुसरा. ब्रँड्स हॅच पूर्ण एक, छोटा इंडी दुसरा. डेटोनाचा ओव्हल (लंबगोल) एक, रोड कोर्स दुसरा. या तीन जोड्या कागदावर सारख्याच "दोन" आहेत, पण चालवताना त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डेटोनाचे दोन म्हणजे जवळजवळ दोन वेगळे खेळ, आणि काही उलटे लेआउट म्हणजे एकाच भाजीला दोनदा फोडणी.

ही खोड आजची नाही. १९९२ चा सुपर मारिओ कार्ट घ्या. ट्रॅक वीस. नावं वाचत गेलात तर मारिओ सर्किट चार, डोनट प्लेन्स तीन, घोस्ट व्हॅली तीन, बाउझर कॅसल तीन, चोको आयलंड, कूपा बीच, व्हॅनिला लेक दोन-दोन आणि रेनबो रोड एक. म्हणजे आजच्या जाहिरातीच्या भाषेत "आठ ठिकाणं, वीस लेआउट"! पण तेव्हा कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण प्रत्येकाचा रस्ता खरोखर वेगळा आखलेला होता.

तर प्रश्न असा: "ट्रॅक कमी आहेत" म्हणताना आपल्याला नेमकं काय कमी पडत असतं?

पिटलेनमधला

रुमाल टाकून ठेवतो. काम संपलं की सविस्तर लिहितो.

जुनी_जॉयस्टिक

धागा आवडला. एक काडी टाकतो.

रिज रेसर १९९४ च्या अखेरीस जपानात प्लेस्टेशनबरोबरच घरी आला. त्यात ट्रॅक किती होते? मोजून एक. पुढच्या पातळ्यांवर त्याच रस्त्याला एक तुकडा जोडून तो लांबवायचे, आणि नंतर तोच उलटा. लोड होताना गॅलक्सियन हा जुना गेम खेळायला द्यायचे ते वेगळंच. बोगद्यातून बाहेर पडलं की समोर काय दिसणार, हे मी आज झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

सेगा रॅलीत चार कोर्स. डेटोना यूएसएच्या आर्केड मशीनवर तीन. आउटरनमध्ये (१९८६) टप्पे पंधरा, पण ते झाडासारखे फुटत जाणारे. एका खेपेत पाचच खेळायचे, शेवट पाच, आणि फाट्यांचा गुणाकार केला तर मार्ग सोळा. आजच्या जाहिरातवाल्याच्या हातात तो गेम दिला असता तर त्याने डब्यावर "सोळा मार्ग" छापूनच सोडलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की ट्रॅक लक्षात राहतो तो एकटा असला तरी राहतो.

तिसरा_गिअर

जॉयस्टिकराव, मान्य, पण एक शंका. तो एकच ट्रॅक लक्षात राहिला तो चांगला होता म्हणून, की दुसरा नव्हताच म्हणून?

जुनी_जॉयस्टिक

खिक्. उत्तर राखून ठेवतो.

दर्जा_नको_संख्या_द्या

"थोडे पण दर्जेदार" ऐकलं की माझं डोकं फिरतं. फोर्झा मोटरस्पोर्ट ५ नव्या कन्सोलबरोबर २०१३ मध्ये आला तो १४ ट्रॅक घेऊन. दिसायला देखणे, वाद नाही. पण करिअरमध्ये गाडीचा वर्ग बदलला तरी ठिकाणं तीच, आणि प्रत्येक स्पर्धेत तेच पाच-सहा आलटून पालटून. जर्मनीतला लांबलचक नूर्बुर्गरिंग नॉर्डश्लायफ नंतर २०१४ मध्ये फुकट दिला तेव्हा जरा जीवात जीव आला. पुढे ७ व्या भागात तीसहून जास्त ठिकाणं आणि दोनशेहून जास्त लेआउट झाले. २०२३ मध्ये सगळं नव्याने बांधायला घेतलं तर पहिल्या दिवशी पुन्हा २०, आणि नॉर्डश्लायफ आला फेब्रुवारी २०२४ मध्ये.

कारण कळतं हो मला. नवं इंजिन, नवा प्रकाश, जुने ट्रॅक जसेच्या तसे चालत नाहीत. पण माझ्या संध्याकाळी मोजक्या असतात. त्या त्याच १४ वळणवाटांवर घालवायच्या आणि वर "बघ, गवत किती सुंदर" म्हणायचं, हे मला जमत नाही.

याच्या उलटही पोळलोय. एका गेमच्या डब्यावर शंभराच्या वर ट्रॅक लिहिलेले होते. नाव घेत नाही, उगाच धुरळा उडेल. घरी येऊन बघतो तर ठिकाणं आठ! बाकी सगळा "सकाळ, संध्याकाळ, उलट, छोटा, छोटा उलट" असा संसार. पण तरीही १४ आणि ६० मध्ये निवडायचं झालं तर मी साठच घेईन. प्रोजेक्ट कार्स २ मध्ये साठहून जास्त ठिकाणं होती. काही अगदी सुमार होती, कबूल. पण महिनाभर रोज नवीन जागी जात होतो.

उलटा_लॅप

मी हौस म्हणून मॉड ट्रॅक (गेममध्ये बाहेरून घालायचे घरगुती ट्रॅक) बनवतो, तर पडद्यामागचं थोडं सांगतो.

नवं ठिकाण उभं करणं महाग का? खऱ्या सर्किटचं लेझर स्कॅन करायला माणसं आणि यंत्र घेऊन जावं लागतं. येताना हातात असतो अब्जावधी ठिपक्यांचा ढग. त्यातून रस्त्याची एकेक उंचसखल जागा काढायची, मग इमारती, झाडं, कुंपण. हे एकदा झालं की दुसरा लेआउट तुलनेने स्वस्त पडतो. जागा तीच, फक्त अडथळे हलवायचे. म्हणून आकडा फुगवायचा तर लेआउट हाच सोपा रस्ता.

पण "स्वस्त" म्हणजे "आपोआप" नाही. प्रत्येक लेआउटला एआय गाड्यांची (गेम स्वतः चालवतो त्या) रेषा नव्याने आखावी लागते, कोपरा कुठे कापला तर दंड ते ठरवावं लागतं, वेळ मोजायच्या रेषा, पिटमध्ये (शर्यतीत गाडी थांबवायची जागा) शिरायचा रस्ता, रीप्लेचे कॅमेरे, सगळं आलं.

आणि उलट दिशा तर डोकेदुखीच. खऱ्या सर्किटवर सगळं एका दिशेसाठी रचलेलं असतं. काही कर्बना (वळणाच्या कडेचे उंचवटे) करवतीसारखे दात असतात, ते ठरलेल्या दिशेने चढायला ठीक, उलटीकडून आलात की गाडी उडते. जिथे वेग जास्त तिथे बाहेर सुटायला मोकळी जागा ठेवलेली असते. उलट गेलात की वेगवान जागा बदलते, आणि मोकळी जागा मात्र जिथल्या तिथे. कुंपणाला मध्ये जी फट असते तिचं टोक नेहमीच्या दिशेने आडोशाला असतं, उलटीकडून तेच भाल्यासारखं तोंडावर येतं. ब्रेकिंगच्या अंतराच्या पाट्यांची पाठ दिसते, आकडा दिसत नाही.

माझाच किस्सा. छोटासा काल्पनिक ट्रॅक केला होता, सुलट मस्त चालायचा. म्हटलं उलट पण देऊन टाकू, काय जातंय. पहिल्या चाचणीत सगळ्या एआय गाड्या ओळीने, शिस्तीत, पिटच्या भिंतीवर जाऊन आदळल्या. पिटमधून बाहेर पडायचा रस्ता आता आत शिरायचा झाला होता आणि मी भिंतीचं टोक हलवायचं विसरलो होतो. बारा गाड्या, एकामागे एक!

शेवटून_दुसरी

बारा गाड्या शिस्तीत 😂 वारले.

पेसनोट

उलट दिशेला इतकं हिणवू नका राव. सर्किटवर असेल तसं, रॅलीत गणित वेगळं आहे.

डर्ट रॅली (२०१५) घ्या. सहा देश, ७२ स्टेज (एकट्याने वेळेवर चालवायचे रस्त्याचे टप्पे). हे ७२ कसे झाले? प्रत्येक देशात लांब रस्ते दोनच. प्रत्येक रस्ता पूर्ण, पहिला अर्धा, दुसरा अर्धा, म्हणजे तीन. प्रत्येक दोन्ही दिशांनी, म्हणजे सहा. दोन रस्त्यांचे बारा, सहा देशांचे ७२. धागाकर्त्याच्या हिशेबाने खरे रस्ते फक्त बारा.

पण तिथल्या वेल्समध्ये चिखलातून उतार उतरताना जो कोपरा जीव घेतो, तोच चढताना काहीच वाटत नाही. ग्रीसमध्ये चढावर गाडी हवेत जाते ती जागा उलटीकडून नुसती एक आंधळी उतरण होते. सहचालकाच्या सूचना वेगळ्या, दरी डावीकडची उजवीकडे. खऱ्या रॅलीतही एखादं स्टेज एका वर्षी एका दिशेने आणि दुसऱ्या वर्षी उलट दिशेने घेतात आणि चालकांना ते नवीनच असतं. तेव्हा उलट स्टेज मी पूर्ण एक धरतो. अर्ध्या तुकड्यांचं मात्र समर्थन करणार नाही, ती निव्वळ गोळाबेरीज आहे.

तिसरा_गिअर

पेसनोट, हे पटलं. म्हणजे उलट वाईट नाही, रस्त्याला चढउतार असतील तर उलट फळतं. सपाट ट्रॅकवर उलट म्हणजे आरशात पाहणं.

मावशी_पहिली

मी या धाग्यावर चुकून आले असं वाटतंय, कारण मी फक्त मारिओ कार्ट खेळते, तेही भाच्यासोबत.

मारिओ कार्ट ८ डिलक्स आला तेव्हा ४८ ट्रॅक होते. नंतरच्या जादा पॅकने आणखी ४८ देऊन ९६ केले. शहाण्णव! आणि भाचा दर वेळी काय निवडतो? बेबी पार्क. लंबगोल. दोन वळणं, सात फेऱ्या. आखायला त्याहून सोपं काही नसेल. पण ट्रॅक इतका तोकडा की दुसऱ्या फेरीपासून पुढचे कोण आणि मागचे कोण हेच कळत नाही, समोरच्या लेनवरून फेकलेलं कासवाचं कवच मध्यावरून इकडे येऊन माझ्यावर आपटतं. शेवटच्या फेरीत मी पहिली असते आणि संपताना नववी.

मग आता तुमच्या वहीत बेबी पार्क कुठे बसतो तिसरा_गिअर? वळणं मोजलीत तर बिचारा नापास.

तिसरा_गिअर

मावशी, तुम्ही चुकून नाही, अगदी बरोबर जागी आलात. बेबी पार्क माझ्या हिशेबाला खिंडीत पकडतो. विचार करून लिहितो.

पिटलेनमधला

रुमाल उचलला.

मी लीगमध्ये खेळतो, त्यामुळे छोट्या लेआउटची बाजू घ्यायला आलोय. सगळे "फिलर (नुसती भर), फिलर" म्हणतात त्याचा राग येतो. नॉर्डश्लायफ २०.८ किलोमीटर. त्यावर एका वळणाला चूक झाली की तेच वळण पुन्हा भेटायला सात-आठ मिनिटं जातात. शिकायचं कधी? याच्या विरुद्ध जपानमधला त्सुकुबा, दोन किलोमीटरचा. साधारण मिनिटभराची फेरी. अर्ध्या तासात एकाच हेअरपिनवर (मागे फिरवणाऱ्या वळणावर) तीसदा ब्रेक मारता येतो. नवख्याला मी कायम तिथेच नेतो.

छोटा लेआउट म्हणजे रटाळ शर्यत हाही गैरसमज. फॉर्म्युला वनची २०२० ची साखीर ग्रां प्री आठवा. बहरीनचा नेहमीचा ट्रॅक सोडून बाहेरचा छोटा लेआउट घेतला, ३.५४३ किलोमीटर. पात्रता फेरीतला सर्वोत्तम लॅप ५४ सेकंदांच्या आत. आधी सगळे नाक मुरडत होते. मग सर्जिओ पेरेझ हा चालक पहिल्याच फेरीत धडकेमुळे शेवटचा झाला आणि शर्यत जिंकला! गेमच्या यादीत असा लेआउट दिसला असता तर आपणच म्हणालो असतो, "आकडा वाढवायला टाकलाय."

आणि तुमच्या वहीतले एकवीस का, त्याचं उत्तर ट्रॅकमध्ये नाही, शर्यत कोण ठरवतं त्यात आहे. ग्रान टुरिस्मो स्पोर्ट २०१७ मध्ये १७ ठिकाणं आणि ४० लेआउट घेऊन आला, संख्येने आधीच्या भागापेक्षा कितीतरी कमी. पण ऑनलाइन शर्यती ठरवून त्याच ट्रॅकवर व्हायच्या, म्हणून सगळ्यांना ते पाठ झाले. ड्रॅगन ट्रेल या ट्रॅकच्या त्या शेवटाकडच्या शिकेनला (डावी-उजवी जोडवळणाला) "मृत्यूची शिकेन" हे नाव लोकांनी दिलं ते उगाच नाही. डावीकडे जरा जास्त घेतलं की भिंत गाडीला उलटी करते आणि मागचे आठ जण तुमच्यावर. गेममध्ये ९७ असोत की १९७, ज्यावर माणसं जमतात तेवढेच जिवंत.

नकाशेवाला

तुम्ही सगळे आकड्यांवर भांडताय म्हणून सांगतो, फ्रान्समधल्या पॉल रिकार सर्किटला स्वतःच्याच हिशेबाने १६७ प्रकारे लेआउट जोडता येतो. सर्वांत छोटा ८२६ मीटर, सर्वांत मोठा ५,८६१ मीटर. तेवढं एकच सर्किट गेममध्ये टाका आणि डब्यावर छापा "१६७ ट्रॅक". मित्र गप्प, धागा बंद.

दर्जा_नको_संख्या_द्या

आणि १६७ वेळा तेच निळे-लाल पट्टे बघत बसा. डोळे फिरतील.

शेवटून_दुसरी

आधी म्हणालात संख्या द्या, आता दिली तर डोळे फिरतात. 🙂

दर्जा_नको_संख्या_द्या

ताई, पकडलंत.

नकाशेवाला

गंमत सोडा, आता गंभीरपणे. कुणीच जुन्या लेआउटबद्दल बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं.

हॉकेनहाइम. २००१ पर्यंतचा जुना ट्रॅक सुमारे ६.८ किलोमीटर, जंगलातून लांबच लांब सरळ रस्ते. पुढच्या वर्षापासून ४.५७४ किलोमीटरचा नवा आला. जुने रस्ते उखडले आणि तिथे झाडं लावली. म्हणजे आज तुम्ही जर्मनीला गेलात तरी तो लॅप मारता येणार नाही. तो लॅप आता फक्त गेममध्ये शिल्लक आहे.

इटलीतल्या मोंझाचं तसंच. ओव्हल आणि रोड मिळून दहा किलोमीटर. फॉर्म्युला वन ओव्हलच्या त्या भिंतीसारख्या तिरक्या वळणांवर १९६१ मध्ये शेवटचं धावलं. असेटो कोर्सा या गेममध्ये १९६६ चा मोंझा आहे. मी पहिल्यांदा त्या तिरक्या वळणावर गाडी चढवली तेव्हा स्टिअरिंग इतकं थरथरलं की वाटलं काहीतरी बिघडलंय. बिघडलं नव्हतं, तिथलं काँक्रीटच तसं खडबडीत. ल मान्सच्या मुल्सान सरळीवर १९९० मध्ये दोन शिकेन टाकल्या. त्याआधीचा सलग रस्ता काही गेममध्ये मिळतो, आणि पाय न उचलता तेवढं अंतर जाणं म्हणजे काय, हे त्याशिवाय कळत नाही.

हे पण यादीत "आणखी एक लेआउट" म्हणूनच लिहिलेले असतात. "छोटा, उलट" च्या शेजारच्या ओळीत. माझ्यासाठी तो एक लेआउट बाकीच्या पन्नासावर भारी आहे.

जुनी_जॉयस्टिक

नकाशेवाले, दंडवत. हॉकेनहाइमची झाडं माहीत नव्हती.

उलटा_लॅप

अवांतर: आयरेसिंग या ऑनलाइन गेममध्ये एक गंमत आहे. तिथे वर्गणी वेगळी आणि बरेच ट्रॅक सुटे विकत घ्यावे लागतात. पण एकदा ठिकाण घेतलं की त्याचे सगळे लेआउट त्यातच. त्यामुळे तिथले लोक कधी लेआउट मोजत नाहीत, ठिकाणंच मोजतात. मोजायचं एकक खिशाने ठरवलंय.

रोज_नवा

सगळे आठवणीत रमलेत, म्हणून विरुद्ध टोक. ट्रॅकमेनिया. जुलै २०२० पासून रोज खेळाडूंनी बनवलेला एक नवा ट्रॅक निवडला जातो, शिवाय दर तीन महिन्यांनी कंपनीचे नवे २५. तिथे "किती आहेत" हा प्रश्नच उरत नाही. मला कालचा ट्रॅक आज आठवत नाही आणि त्याचं दुःखही नाही. पहिल्या दहा मिनिटांत अनोळखी रस्ता ओळखीचा होत जातो, तो भागच मला आवडतो. तुम्ही ज्याला पाठांतर म्हणता ते सुरू झालं की मी बाहेर.

पेसनोट

रोज_नवा, तुम्ही मनाने रॅलीवाले आहात. या आमच्यात.

तिसरा_गिअर

बराच वेळ गायब होतो, कारण प्रयोग करत होतो. ब्रँड्स हॅच, एकच गाडी, तेच टायर. आधी पूर्ण ट्रॅक पंधरा फेऱ्या, मग इंडी पंधरा फेऱ्या. माझी खात्री होती की इंडी "नवा नाही" असंच ठरेल, कारण त्याचा जवळजवळ तुकडा न् तुकडा मोठ्यातच आहे. पॅडॉक हिलची ती पोटात गोळा आणणारी उतरण तीच, ड्रुइड्स आणि ग्रॅहम हिल ही वळणंही तीच.

पण शेवटचं वळण! मोठ्या ट्रॅकवर मी या वळणाला, म्हणजे क्लियरवेजला, जंगलाकडून सुसाट येतो, जोरात ब्रेक मारतो आणि मग लांब उजवीकडे वळतो. इंडीवर तेच वळण सर्टीज या वळणावरून डावी-उजवी करत गाठायचं, वेग आधीच कमी, गाडी अजून डावीकडून सावरतेय. डांबर तेच, कर्ब तोच, पण मोठ्या ट्रॅकवरची माझी ब्रेकची खूण (ब्रेक कुठे मारायचा ती जागा) तिथे निरुपयोगी. पहिल्या सहा फेऱ्या मी तिथे गवतात होतो.

तेव्हा माझ्यापुरता नियम असा केला: ज्या लेआउटवर एक तरी ब्रेकची खूण नव्याने शोधावी लागते तो नवा. बाकीचे मोजायचे नाहीत. यात पेसनोटची उलट स्टेज बसतात, जुना हॉकेनहाइम बसतो, इंडी बसतो. तोच ट्रॅक नुसता संध्याकाळी बसत नाही. पावसात मात्र बसतो, कारण ओल्यात सगळ्याच खुणा हलतात, आणि हे जरा गोंधळाचं आहे हे मलाही कळतंय.

मावशी_पहिली

बेबी पार्कला ब्रेकच मारत नाही आम्ही.

तिसरा_गिअर

मावशी, तुमच्यासाठी नियमाला अपवाद. लेखी देतो.

दर्जा_नको_संख्या_द्या

पाऊस धरलात की आकडा दुप्पट झाला बघा. मी म्हणतच होतो, संख्या वाईट नाही.

पिटलेनमधला

शनिवारी रात्री दहाला लॉबी (ऑनलाइन जमायची जागा) उघडतो. ब्रँड्स हॅच इंडी, तीस फेऱ्या. धागाकर्त्याला क्लियरवेजच्या गवतातली जागा राखीव.

शेवटून_दुसरी

मी आहे. आयडीप्रमाणेच येईन.

उलटा_लॅप

मी पण येतो. ताजी खबर: या धाग्यामुळे हुरूप आला आणि काल त्या उलट्या ट्रॅकची पिटची भिंत हलवली. आता एआय तिच्यावर आदळत नाहीत. सगळे बारा सुखरूप पुढे जातात आणि पहिल्या वळणाला सरळ निघून जातात. ब्रेकिंगच्या पाट्या फिरवायच्या राहिल्यात.